पंडिता रमाबाई आणि केडगाव : दुष्काळ, श्रद्धा व सेवा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या ख्रिस्ती सेवाकार्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने १८९३ च्या वादाकडे जाते. शारदा सदनातील मुलींवरील धर्मप्रभावाच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सेवा आणि धर्मप्रसार यांतील सीमारेषा रमाबाईंच्या कार्यात पुसट होती, हे मान्यच करावे लागते. तथापि त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी त्यानंतर लागली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण दगावली होती. भूक त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. तेथून आणलेल्या निराधार मुली व बालविधवांना पुण्यात ठेवणे प्लेगच्या निर्बंधांमुळे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. हेच पुढील मुक्ती सदन. १९०० पर्यंत तेथील संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई ही कामे स्त्रियाच करीत. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. असा आश्रय त्या काळी क्वचितच मिळे.

अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करीत होत्या. ते आश्रमाच्याच छापखान्यात छापले गेले. कार्याची धुरा जिच्यावर सोपवायची, ती कन्या मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच निवर्तल्या.