तारुण्याची सुई : ब्राऊन-सेकार ते वृद्धिसंप्रेरक

१ जून १८८९. पॅरिसच्या ‘सोसिएते द बिओलोजी’ या संस्थेच्या सभेत ७२ वर्षांचे शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार बोलण्यास उभे राहिले. मॉरिशसमध्ये जन्मलेले आणि कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांच्या जागी आलेले हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कुत्रे व गिनी पिग यांच्या वृषणांपासून काढलेला अर्क आपण स्वतःच्या त्वचेखाली टोचून घेतला आणि ओसरलेली शक्ती परतली, असे त्यांनी सांगितले.

पुरावा? जिना पुन्हा धावत चढता येऊ लागला, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहून काम होऊ लागले. हातांचा जोर त्यांनी डायनामोमीटरने मोजला. मूत्राची धार किती लांब पडते याचीही नोंद ठेवली! अनेकांनी याला म्हातारचळ ठरवले. आज हसू येते खरे, परंतु मोजमापाचा एवढा आग्रह पुढे तारुण्य विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दाखवला. उणीव निराळीच होती : प्रयोग करणारा, तो सोसणारा आणि निकाल देणारा, तिघे एकच होते.

काही आठवड्यांतच हा ‘जीवनरस’ अटलांटिकपार पोहोचला. त्याच ऑगस्टमध्ये पिट्सबर्गचा बेसबॉलपटू पड गॅल्विन याने सामन्यापूर्वी तो टोचून घेतल्याचे वृत्त छापून आले.

त्या अर्कात होते तरी काय? २००२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जुन्या कृतीने तो बनवून तपासला. टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड असल्यामुळे पाण्यात जेमतेम विरघळते. अर्कातील त्याचे प्रमाण परिणामास लागणाऱ्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी निघाले. वृद्ध शास्त्रज्ञाला जिना चढवला तो बहुधा अपेक्षेने.

तरीही ब्राऊन-सेकार यांना इतिहासाने हसण्यावारी नेले नाही, हे योग्यच झाले. ग्रंथी रक्तात काही द्रव्ये सोडतात आणि ती बाहेरून पुरवता येतील, ही त्यांची मूळ कल्पना खरी होती. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईडच्या अभावाने आजारी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये सिक्रेटिन शोधले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळाले आणि मधुमेहाचा इतिहासच बदलला. सिक्रेटिन आणि इन्सुलिन ही दोन्ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. गिळल्यास इतर प्रथिनांप्रमाणे ती पचून जातात. म्हणूनच इन्सुलिनसाठी सुई लागते.

या यशांतून एक मोहक तर्क जन्मला : आजाऱ्याला उणे पडलेले द्रव्य दिल्याने तो बरा होतो, तर वयानुसार घटणारे द्रव्य दिल्याने वयही मागे जाईल. येथेच गफलत आहे. मधुमेही मुलाच्या शरीरात नेमके काय नाही, हे ठाऊक होते. वार्धक्यात एकाच वेळी असंख्य गोष्टी बदलतात, आणि त्यांतील कारण कोणते व परिणाम कोणता हे सहजी वेगळे करता येत नाही.

१९९० मध्ये डॅनियल रडमन यांनी साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक दिले. हीदेखील १९१ अमिनो आम्लांची साखळीच. चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील हा शोधनिबंध म्हणजे विक्रेत्यांना घबाडच होते. नंतरच्या चाचण्यांत शरीराची घडण बदलली, पण बळ त्या मानाने वाढले नाही. सांधेदुखी आणि सूज मात्र अनेकांच्या वाट्याला आली. ती वाक्ये जाहिरातींत उतरली नाहीत. अखेर २००३ मध्ये त्याच नियतकालिकाला संपादकीय लिहून, आपल्या तेरा वर्षांपूर्वीच्या निबंधाच्या नावावर पूरक द्रव्ये विकली जात असल्याबद्दल वाचकांना सावध करावे लागले.