वाजविणारे पुतळे

इ. स. १७३८ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथील एका वाड्यांत बांसरीवाल्याचा पुतळा लोकांना पाहावयास ठेवण्यांत आला. संगमरवरासारखा पांढरा रंगविलेला तो लांकडी पुरुष आडवी बांसरी ओठांशीं धरून सुमारें डझनभर गती वाजवी. पुष्कळांना प्रथम वाटलें कीं, पोटांत एखादी पेटी दडविलेली असावी आणि बांसरी केवळ देखाव्याची. तसें नव्हतें. त्याचा कर्ता झाक व्होकांसाँ यानें खऱ्या बांसरींतूनच सूर काढला होता. नऊ भात्यांची हवा तीन नळ्यांतून कमी-अधिक दाबानें वर येई. ओठ उघडत, मिटत, पुढें-मागें सरत. जिभेची झडप हवा तोडी. आणि खिळे मारलेला एक रूळ फिरतां फिरतां तरफांच्या योगें हें सारें चालवी. लांकडी बोटांनीं छिद्रें नीट बुजत ना, म्हणून त्यांना कातडें लावावें लागलें. तींच छिद्रें मिटलेलीं असतां फुंक जोराची केली कीं सूर वरच्या सप्तकांत जातो, हें बांसरीवाल्याचे ओठ न शिकवितां जाणतात. व्होकांसाँला तें मोजावें लागलें, आणि तो निबंध त्यानें त्याच वर्षीं पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें मांडला.

तरीहि जाणकारांचें समाधान होणें कठीण होतें. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बांसरीगुरु क्वांट्स यानें १७५२ च्या आपल्या ग्रंथांत म्हटलें कीं, यंत्र कितीहि चपळ व बिनचूक वाजवो, श्रोता थक्क होईल. त्याचें हृदय हेलावणार नाहीं. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच.

स्वित्झर्लंडच्या झाके-द्रो पितापुत्रांनीं १७७४ मध्यें लोकांपुढें आणलेली वादिका ऑर्गनच्या पट्ट्या स्वतःच्या बोटांनीं खरोखर दाबते व पांच चिजा वाजविते. वाजवितांना तिची छाती श्वासानें हालते. त्या श्वासाचा सुरांशीं कांहींएक संबंध नाहीं. ती निव्वळ अदा! ती न्यूशातेल येथें असून अद्याप वाजते.

आक्षेपाची दुसरी बाजू एंग्रामेल नांवाच्या फ्रेंच साधूच्या १७७५ च्या ग्रंथांत सांपडते. त्याचा विषय रुळावर खिळे कसे बसवावे हा. रुळाला ‘अंदाजें’ हा शब्द कळत नाहीं. सूर किती धरावा, केव्हां तोडावा, मुरकी किती स्वरांची घ्यावी, सारख्या लिहिलेल्या दोन स्वरांपैकीं कोणता किंचित् लांबवावा, हें सर्व मोजून सांगणें त्याला भाग पडलें. जें स्वरलिपि गुरूच्या गळ्यावर व शिष्याच्या कानावर सोडून देते, तेंच येथें आंकड्यांत उतरलें; आणि तेंहि एडिसनच्या ध्वनिलेखनयंत्राच्या शंभर वर्षें आधीं. एस्टरहाझी घराण्याचा ग्रंथपाल निमेत्स यानें बनविलेलीं, हायडनच्या रचना वाजविणारीं १७९२ व १७९३ सालचीं घड्याळें टिकून आहेत. हायडनच्या हयातींत, त्याच्या ओळखीच्या हातांनीं बसविलेले अलंकार त्यांवर आजहि ऐकूं येतात.

मोझार्टला मात्र असल्या कामाचा कंटाळा होता. १७९० च्या ऑक्टोबरांत पत्नीला लिहिलेल्या पत्रांत यंत्राच्या बारीक, किनऱ्या नळ्यांबद्दल त्याची कुरकूर आहे. पैशाची नड होती, म्हणून लिहिणें सुटलें नाहीं. आणि गंमत अशी कीं, त्या रचना आतां मोठमोठ्या ऑर्गनांवर वाजविल्या जातात.

व्होकांसाँनें आपला बांसरीवाला १७४३ मध्यें विकून टाकला. हातोहातीं फिरत तो हेल्मश्टेट येथील बायराइस नांवाच्या प्राध्यापकाकडे पोंचला. १८०५ मध्यें कवि ग्योटे तेथें गेला, तेव्हां पुतळा मुका झालेला होता. पुढें तो नाहींसाच झाला, आणि ज्याच्या खिळ्यांत त्या गती होत्या तो रूळहि त्याच्याबरोबर गेला.