खोळंब्याचें शस्त्र

पुणें-सोलापूर महामार्गावर पाटस येथें टोलनाका आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें फास्टॅग सक्तीचा होण्यापूर्वीं अशा नाक्यांच्या खिडकींत रोख पैसे चालत. एखादा मोटारवाला खिसे चाचपीत, एकेक नाणें मोजीत उभा राहिला कीं मागें रांग लागे. आणि त्यानें नियम तर कोणताच मोडलेला नसे! प्रत्येक खिडकीपुढें असा एकेक इसम उभा केला, तर फौजेवांचून नाका बंद पडावा. संगणकांच्या इतिहासांत हाच प्रकार घडला.

इंटरनेटवरील पानें मागेल त्याला पुरविणाऱ्या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. १९९५ सालीं निघालेला अपाचे हा वर्षभरांतच सर्वांत अधिक वापरांत आला. त्याच्या मूळ रचनेंत प्रत्येक जोडणीमागें एक कामकरी गुंतून राही, आणि नेहमींच्या मांडणींत असे कामकरी २५६. मागणी संपल्याची खूण म्हणून शेवटीं एक रिकामी ओळ यावयाची. तोंवर कामकऱ्यानें वाट पाहावयाची.

जून २००९ मध्यें रॉबर्ट हॅन्सन या अमेरिकन संशोधकानें ‘स्लोलॉरिस’ हा चिमुकला प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. नांव एका मंदगति प्राण्याचें. तो शेंकडों जोडण्या उघडतो, प्रत्येकींत मधूनमधून एकेक ओळ धाडतो. रिकामी ओळ मात्र कधींच धाडीत नाहीं. कामकरी ताटकळतात, खरें गिऱ्हाईक दाराशीं तिष्ठत राहतें. त्यांतून मागणी पुरी झाल्यावांचून तिची नोंद होत नसल्यामुळें, हल्ला चालू असतां नोंदवही कोरीच दिसते.

त्याच महिन्यांत इराणमध्यें निवडणुकीवरून निदर्शनें उसळलीं, व सरकारी संकेतस्थळांवर हेंच शस्त्र चाललें. मागण्यांचा पूर लोटला असता, तर देशांतील इंटरनेट निदर्शकांनाही दुर्मिळ झालें असतें. स्लोलॉरिसला अगदीं थोडी वाट पुरते. दुर्बळांचें हत्यार खरें, पण खंडणीखोराच्या हातींही तें तितकेंच चालतें.

अपाचेच्या कर्त्यांना दोष देणें सोपें आहे. पण मंद तारेवरून येणाराची वाट पाहणें हें सौजन्यच होतें. मार्च २०१० च्या २.२.१५ या आवृत्तींत मागणीला मुदत घालण्याची सोय आली. रशियाच्या इगोर सिसोएव यांनीं २००४ सालींच प्रसिद्ध केलेल्या एंजिनएक्समध्यें तर एकच कामकरी हजारों जोडण्या सांभाळतो. त्याला ही युक्ति सहसा बाधत नाहीं. मुदत फार आंखूड ठेवली, तर पाटसच्या एखाद्या वस्तीवरून क्षीण सिग्नलवर सातबारा मागणारा शेतकरीही लबाडांबरोबर बाहेर लोटला जातो. तेव्हां ती किती सेकंदांची असावी, हें सर्व्हर सांभाळणाराला आजही स्वतःच ठरवावें लागतें.