पॅरिसचे बदक आणि सोलापूरचा मोर

१७३९ साली पॅरिसमध्ये लोक पैसे मोजून एक तांब्याचे बदक पाहायला जात असत. ते पंख फडफडवी, मान लांब करून दाणे टिपी आणि थोड्या वेळाने चक्क विष्ठाही टाकी. पचनाची ही करामत म्हणजे निव्वळ हातचलाखी होती, हे पुढे उघड झाले. पंखांची यंत्ररचना मात्र अस्सल होती. या बदकाचा कर्ता झाक द व्होकान्सों. सोलापुरी चादरीवर पिसारा फुलवून उभ्या असलेल्या मोराची वंशावळ शोधू लागले, तर ती या बदकाच्या निर्मात्यापाशी जाऊन पोहोचते.

बदकाच्या कीर्तीमुळे व्होकान्सोंला फ्रान्सच्या रेशीम कारखान्यांचा निरीक्षक नेमण्यात आले. लिओं शहरातील विणकरांना त्याच्या सुधारणा मानवल्या नाहीत. त्यांनी त्याच्यावर दगडफेक केली. १७४५ च्या सुमारास त्याने आपोआप नक्षी विणणारा माग तयार केला. तो कोणी फारसा वापरला नाही. त्याच्या मृत्यूनंतर तो माग धूळ खात पडला असता जोसेफ मारी जाकार याने त्याचा अभ्यास केला, त्याला छिद्रांच्या पुठ्ठ्यांची जोड दिली आणि १८०४ मध्ये आपला माग सिद्ध केला. सोलापुरात ज्याला सर्रास ‘जेकार्ड’ म्हणतात, तो हाच.

जेकार्डचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: भोक म्हणजे ‘उचल’, भोक नाही म्हणजे ‘राहू दे’. पुठ्ठ्यात जिथे भोक असेल तिथून सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला हुक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा धावतो, बाण्याचा एक धागा पडतो, पुढचा पुठ्ठा समोर येतो. मोराचा एक डोळा विणायला असे कित्येक पुठ्ठे लागतात. या पद्धतीची ताकद केवढी, याचा पुरावा १८३९ मध्ये लिओंमध्येच विणलेले खुद्द जाकारचे रेशमी चित्र. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. सोलापुरात विणली जाणारी व्यक्तिचित्रे आणि भिंतीवर लावायचे शोभेचे पट हे त्याच कुळातले.

सोलापूर हे मागांचे गाव जेकार्डच्या आधीपासूनचे. साळी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे हातमागावर बसत होते. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची स्थापना झाली, १८७७ मध्ये तिची गिरणी सुरू झाली आणि गावाच्या तोंडी ती ‘जुनी मिल’ झाली. गिरण्यांचा भोंगा आणि पूर्व भागातील घरोघरच्या मागांची खटखट असे दोन ताल या शहराने अनेक दशके एकत्र ऐकले. विसाव्या शतकात जेकार्ड चादरीने सोलापूरचे नाव घरोघरी नेले आणि २००५ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

या चादरीची खरी गंमत तिच्या पदरांत आहे. दुपदरी विणीत एकाच वेळी दोन कापडे एकावर एक विणली जातात. समजा, एक लाल आणि एक पांढरे. नक्षीच्या रेषेवर ही दोन कापडे आपली जागा बदलतात. वरचे खाली जाते, खालचे वर येते. जिथे ही अदलाबदल होते, तिथेच मोराची बाह्यरेषा उमटते. म्हणजे हा मोर कापडावर काढलेला नाही, भरलेला नाही, छापलेला तर नाहीच. दोन थरांनी एकमेकांना दिलेली वाट, एवढेच त्याचे अस्तित्व. चादर उलटली की पांढऱ्यावरचा लाल मोर लालवरचा पांढरा होतो आणि उजवीकडे पाहणारा डावीकडे पाहू लागतो. अशा चादरीत पिसाऱ्याचा रुंद भाग चिमटीत धरला, तर बोटांना दोन कापडे वेगळी जाणवतात.

पैठणीतला मोर याहून निराळा. तिथे प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते आणि विणकर ती बोटांनी खेळवत एक रंग दुसऱ्यात अडकवतो. म्हणून बांगडी मोर किंवा पोपटी मुनिया किंचित कोनदार दिसते आणि दर मोरात हाताचा अल्पसा फरक राहतो. जेकार्डच्या मोरात तो फरक नाही. पुठ्ठ्यांची माळ एकदा शिवली की पहिला मोर आणि हजारावा मोर सारखाच. दोन मोर समोरासमोर उभे का असतात, याचेही उत्तर सौंदर्यशास्त्रापेक्षा हिशेबात अधिक आहे. मागाची दोरबांधणी आरशासारखी केली की अर्ध्या नक्षीत पूर्ण नक्षी निघते.

भरतकामाच्या यंत्रानेही हीच वाट धरली. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने धोट्याचे भरतयंत्र बनवले. धोटा नावेसारखा, म्हणून त्या यंत्राला ‘शिफ्ली’, म्हणजे छोटी नाव, हे नाव पडले. पुढे तेही छिद्रांच्या पट्टीवर चालू लागले. आज संगणकावरचे भरतयंत्र कापडाच्या थरांवर थर टाकून पक्ष्याचे एकेक पीस शिवते. तिथे पुठ्ठा राहिलेला नाही, पण भोक आणि भोक नसणे, ही भाषा तीच आहे.

या सगळ्यात एक माणूस हरवला: नक्षीकार. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोराची मान वळवणारा तो. घर एक चुकले तर चोच वाकडी होते, आणि ती प्रत्येक चादरीवर वाकडी होते. त्याच्या कागदावरून दुसरा कारागीर पुठ्ठे टोचतो, तिसरा ते शिवतो, चौथा विणतो. चादरीच्या काठाशी पुष्कळदा कारखान्याचे नाव विणलेले असते. मोर काढणाऱ्याचे नसते. पैठणीच्या विणकराला निदान त्याच्या हाताची ओळख होती. नक्षीकाराची ओळख यंत्राने हजार वेळा छापली आणि पुसूनही टाकली. मानांकनाने गावाला हक्क दिला, हे योग्यच झाले. स्वस्त नकलांपुढे तो टिकवणे हीच मोठी लढाई आहे, आणि त्या लढाईत नक्षीकाराची आठवण कोणाला राहत नाही.

आणखी एक पक्षी या कापडाबाहेर राहिला. सोलापूरपासून साधारण वीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. १९७९ मध्ये तिथे माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अलींचा कौल माळढोकाला होता. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. मागाचा विचार केला तर यात नवल नाही. मोराला ठसठशीत डोळे आहेत, निळा-हिरवा डौल आहे, समोरासमोर उभे राहण्याची हौस आहे. माळढोक तपकिरी, वाळक्या गवतात मिसळून जाणारा. दिसू नये म्हणूनच त्याचे रंग तसे. दोन थरांच्या अदलाबदलीत तो विणायचा, तर बाह्यरेषा कुठे आखायची, हा नक्षीकारापुढचा पहिलाच प्रश्न ठरेल. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत, आणि सोलापूरच्या घराघरांत पांघरला जाणारा पक्षी मोरच आहे.