सावरकर, गणेश दामोदर (बाबाराव)

सावरकर, गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव (१३ जून १८७९ – १६ मार्च १९४५). नाशिकच्या ‘अभिनव भारत’ या गुप्त क्रांतिकारक संस्थेचे संघटक, अंदमानातील राजबंदी आणि हिंदुत्ववादी लेखक. विनायक दामोदर सावरकर यांचे थोरले बंधू. लोकांच्या लक्षात राहिली ती ही शेवटची ओळख. घटनाक्रम पाहिला तर गोष्ट उलटी दिसते. काळ्या पाण्याची शिक्षा आधी थोरल्याला झाली. नाशिकच्या कलेक्टरचा खून, त्यानंतरची धरपकड आणि धाकट्याला लंडनहून बेड्या घालून आणणारा खटला या सगळ्यांचे एक टोक थोरल्याच्या शिक्षेपाशी येते.

जन्म नाशिकजवळच्या भगूर गावी. वडील दामोदरपंत, आई राधाबाई. भावंडे चार : गणेश, विनायक (तात्या), मैना आणि नारायण (बाळ). आई पटकीने लवकर गेली. १८९९ मध्ये प्लेग घरात शिरला. वडील गेले, चुलते गेले. धाकटा नारायण आजारी पडला, त्याची शुश्रूषा करता करता गणेशलाही गाठ आली. दोघे वाचले; पण विशीतला गणेश आता घराचा कर्ता होता आणि घरात कमाई नव्हती. या मुलाचा पिंड संसारी नव्हताच. योग, मंत्रतंत्र, ज्योतिष, झाडपाल्याची औषधे, साधुसंतांचा सहवास यांत त्याचा जीव रमे. संन्यास घ्यावा असे त्याच्या मनात होते. प्लेगने तो बेत मोडला. शिक्षण अर्धवट राहिले, कुटुंब भगूर सोडून नाशकात आले आणि तात्याने शिकावे म्हणून बाबाने घर सांभाळावे अशी वाटणी झाली. पत्नी यशोदाबाई, म्हणजे सर्वांच्या ‘येसूवहिनी’, या वाटणीत बरोबरीने उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या आणि दिरांच्या कामात त्यांचा वाटा केवळ स्वयंपाकघरापुरता नव्हता. नाशकातील स्त्रियांना स्वदेशीच्या व्रतासाठी त्यांनी एकत्र आणले होते.

१९०० च्या सुमारास नाशकात ‘मित्रमेळा’ सुरू झाला. वर वर पाहता गणेशोत्सव आणि शिवजयंती साजरी करणारी, मेळे काढणारी, पोवाडे म्हणणारी तरुण मंडळी. आतले काम निराळे होते. तिळभांडेश्वराच्या बोळात ही मुले जमत. पायांनी अधू असलेले गोविंद त्र्यंबक दरेकर, पुढचे कवी गोविंद, त्यांच्यातलेच. १९०४ मध्ये संस्थेला ‘अभिनव भारत’ हे नाव मिळाले. हे नाव घेताना इटलीच्या मॅझिनीची ‘तरुण इटली’ डोळ्यांसमोर होती. विनायकराव त्या वेळी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते आणि ९ जून १९०६ रोजी ते श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला रवाना झाले. त्यानंतर नाशिकची शाखा बाबारावांच्या हाती राहिली. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते, लेखणीही तोवर फारशी चाललेली नव्हती. माणसे जमवणे, पैसा उभा करणे, छापणे, वाटणे, लपवणे ही त्यांची कामे. गुप्त संस्था चालते ती अशाच कामांवर, आणि इतिहासात कमी लिहिले जाते तेही याच कामांबद्दल. विनायकरावांनी लंडनमध्ये बसून लिहिलेल्या मॅझिनीच्या मराठी चरित्राचे हस्तलिखित बाबारावांकडे आले आणि त्यांनी ते १९०७ मध्ये छापून प्रसिद्ध केले. पुस्तक हातोहात खपले. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली.

पोलिसांची नजर त्यांच्यावर आधीपासून होती. १९०६ च्या दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना ‘वंदे मातरम्’च्या घोषणा दिल्या म्हणून पोलिसांशी झटापट झाली आणि नाशकात खटला उभा राहिला. त्यातील आरोपींमध्ये बाबाराव होते. मोठे संकट आले ते पुस्तकामुळे. ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने त्यांनी कवी गोविंदांच्या कवितांची छोटी पुस्तिका छापली होती. देवदेवतांच्या आणि शिवाजीमहाराजांच्या कथा सांगता सांगता ती वाचकाला तलवारीकडे नेत होती. १९०९ च्या फेब्रुवारी–मार्चच्या सांध्यावर बाबारावांना अटक झाली. घराच्या झडतीत युरोपातील क्रांतिकारक गुप्त मंडळांवरील एका इंग्रजी पुस्तकाची खुणांनी भरलेली प्रत सापडली, असे पुढे रौलट समितीने आपल्या अहवालात नोंदले.

त्याच दिवसांत लंडनच्या ‘इंडिया हाऊस’मधला आचारी चतुर्भुज अमीन मुंबईच्या वाटेवर होता. त्याच्या पेटीला खोटा तळ होता आणि त्या तळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह ठेवली होती. पिस्तुले येणार हे बाबारावांना ठाऊक होते. पेटी मुंबईत पोहोचली तेव्हा त्यांना धरून जेमतेम आठवडा झाला होता. ही पिस्तुले दुसऱ्यांच्या हातांत गेली. बाबारावांवरील खटला मात्र पिस्तुलांचा नव्हता. तो शब्दांचा होता. दंड संहितेची कलमे दोन लावली गेली : राजद्रोहाचे १२४ अ आणि राजाविरुद्ध युद्धास चिथावणी देण्याचे १२१. पहिल्या कलमासाठी कैद आणि दुसऱ्यासाठी जन्मठेप, काळे पाणी आणि सर्व मालमत्ता जप्त अशी शिक्षा जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने ठोठावली. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. अपील ऐकणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी एक नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थना समाजाचे पुढारी आणि १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांना मराठी उत्तम येत होती; कवितांमधला पुराणकथांचा पडदा त्यांच्यापुढे टिकला नाही. पुस्तिकेतल्या कविता बाबारावांच्या नव्हत्या. ते प्रकाशक होते. छापील ओळींसाठी युद्धाचे कलम लावून माणसाला जन्मभरासाठी समुद्रापार धाडणे हे त्या काळच्या मापानेही जबर होते.

जप्ती आली तेव्हा घरातली भांडीकुंडीसुद्धा गेली. येसूवहिनी उघड्यावर आल्या. त्यांना धीर देण्यासाठी विनायकरावांनी लंडनहून ‘सांत्वन’ ही कविता लिहून पाठवली. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्राने लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. बाबारावांना शिक्षा होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले कलेक्टर जॅक्सन अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाच्या गोळ्यांनी मेले. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना ‘पंडित’ म्हणत. पण बाबारावांना सेशन कोर्टाकडे धाडणारे दंडाधिकारीही तेच होते आणि कान्हेरे व त्याच्या साथीदारांनी तेवढेच लक्षात ठेवले. कान्हेरेच्या हातातले पिस्तूल अमीनच्या पेटीतल्यांपैकी होते. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. विनायकरावांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये पकडण्यात आले. धाकटा नारायणही अटकेतून सुटला नाही. तिन्ही भाऊ तुरुंगात आणि घरी दोन जावा, अशी सावरकर कुटुंबाची त्या वर्षीची स्थिती होती.

बाबारावांना १९१० मध्ये अंदमानला नेण्यात आले. पोर्ट ब्लेअरचे सेल्युलर जेल बांधून पुरे होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती आणि त्यांत सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर कैदी दिसू नये. जेलर डेव्हिड बारी नावाचा आयरिश. राजबंद्यांना इथे राजबंदी म्हणून कसलीही सवलत नव्हती. उलट दरोडेखोराला मिळणारे सोपे काम त्यांना मिळत नसे. नारळाचा छिलका कुटून काथ्या काढणे आणि कोलू फिरवणे ही मुख्य कामे. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस, दांडा छातीशी घेऊन गोल गोल चालायचे आणि संध्याकाळपर्यंत तीस पौंड खोबरेल भरून द्यायचे. तेल कमी पडले तर दंडाबेडी, नाहीतर हात वर बांधून उभे करण्याची ‘खडी हातकडी’. बाबारावांना अर्धशिशीचा जुना विकार होता. डोके फुटत असताना घाण्याभोवती फिरण्याचे दिवस त्यांच्या वाट्याला आले. पुढे आमांश आणि शेवटी क्षय जडला. बारींद्र घोष, उपेंद्रनाथ बॅनर्जी, हेमचंद्र दास हे बंगाली क्रांतिकारक त्यांचे सोबती. काम नाकारण्याच्या संपांत बाबाराव होते आणि त्याच्या शिक्षाही त्यांनी भोगल्या. कैद्यांच्या धर्मांतराविरुद्ध तुरुंगात चाललेल्या शुद्धीच्या खटपटीत बाबारावांचा आणि पुढे तिथेच आलेल्या विनायकरावांचा हात होता. पुढच्या आयुष्यातील बाबारावांच्या राजकारणाचे मूळ बरेचसे इथे सापडते.

खानदेशातल्या माणसाला राजबंदी म्हटले की धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ मध्ये तिथे दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याआधी वीस वर्षे अंदमानात कागद-पेन्सिल जवळ सापडणे हा गुन्हा होता. घरी पत्र वर्षातून एकदा, तेही वागणूक चांगली ठरली तर. दोन्हीकडचे कैदी राजकीयच, सरकारही तेच; मधल्या काळात बाहेरची चळवळ लाखोंची झाली होती आणि तिचा परिणाम तुरुंगाच्या भिंतीआड पोहोचला होता. बाबारावांच्या पिढीला हा लाभ मिळाला नाही.

विनायकराव ४ जुलै १९११ रोजी अंदमानच्या त्याच तुरुंगात आले. त्यांना दोन जन्मठेपा, म्हणजे पन्नास वर्षे. दोघे एका आवारात असूनही त्यांना भेटू दिले जात नव्हते. काम आटोपून कैदी परतत असताना दोघे अवचित समोरासमोर आले तो प्रसंग ‘माझी जन्मठेप’मध्ये आहे. तात्या बाहेर आहे, कार्य चालले आहे, एवढ्या भरवशावर बाबाराव तग धरून होते. तोच तात्या कैद्याच्या कपड्यांत दिसला तेव्हा त्यांना बसलेला धक्का धाकट्याने लिहून ठेवला आहे. त्या पुस्तकात बाबाराव अनेकदा येतात, बहुधा आजारी आणि बहुधा न कुरकुरता. स्वतः बाबारावांनी आपल्या तुरुंगाचे असे गाजलेले पुस्तक लिहिले नाही. त्यामुळे त्यांची कैद आपल्याला बव्हंशी भावाच्या नजरेतून दिसते.

१९१९ मध्ये कुटुंबीयांना भेटीची परवानगी मिळाली. दहा वर्षे या भेटीची वाट पाहणाऱ्या येसूवहिनी त्याआधीच वारल्या होत्या. नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई अंदमानला गेले. त्याच वर्षाअखेर बादशहाची माफी जाहीर झाली. बारींद्र, हेमचंद्र आदी बंगाली कैदी सुटले, सावरकर बंधूंना वगळले गेले. यावरून बाहेर बराच ऊहापोह झाला. दादासाहेब खापर्डे यांनी मार्च १९२० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात दोघा भावांबद्दल प्रश्न विचारले. नारायणरावांनी गांधींना पत्र लिहिले आणि गांधींनी २६ मे १९२० च्या ‘यंग इंडिया’त सावरकर बंधूंवर लेख लिहून त्यांना अडकवून ठेवण्याचे कारण काय, असे सरकारला विचारले. विनायकरावांनीही ३० मार्च १९२० च्या आपल्या अर्जात थोरल्या भावाची बाजू मांडली. या काळातील विनायकरावांच्या अर्जांवर महाराष्ट्रात आजही कडाक्याचे वाद होतात; बाबारावांचे प्रकरण त्या वादात तोंडी लावण्यापुरते येते, ही त्यांची दुसऱ्यांदा झालेली उपेक्षा म्हणावी लागेल.

मे १९२१ मध्ये दोघांना मायदेशी आणले गेले. बोट कलकत्त्याला लागली आणि भावांची पुन्हा ताटातूट झाली. विनायकराव रत्नागिरीच्या तुरुंगात गेले. बाबाराव अलीपूरहून विजापूरला आणि तिथून साबरमतीला. विजापूरचा एकांतवास त्यांच्या प्रकृतीला अंदमानाइतकाच महागात पडला. हा कैदी आता वाचत नाही असे वाटल्यावर सप्टेंबर १९२२ मध्ये सरकारने त्यांना सोडले. अटकेपासून साडेतेरा वर्षे झाली होती.

ते वाचले, आणि आणखी बावीस वर्षे जगले. या वर्षांत ते हिंदू संघटनेच्या कामात होते. त्यांनी ‘तरुण हिंदू सभा’ काढली. डॉ. हेडगेवारांशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि १९३१ मध्ये त्यांनी आपली संस्था राष्ट्रीय स्वयंसेवक संघात विलीन केली. लेखन उशिरा सुरू झाले. बंदा बहादुराचे चरित्र ‘वीर बैरागी’ त्यांचे. ‘दुर्गातनय’ या टोपणनावाने लिहिलेले ‘राष्ट्रमीमांसा’ हे त्यांचे सर्वांत परिणाम करणारे पुस्तक. माधवराव गोळवलकरांनी १९३९ च्या आपल्या राष्ट्रविषयक इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत या ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे. ते इंग्रजी पुस्तक ‘राष्ट्रमीमांसे’चे कितपत रूपांतर आणि कितपत स्वतंत्र, यावर पुढे संघाच्या आतही मतभेद झाले. हिंदू समाज हाच या देशातील राष्ट्र आणि इतरांचे स्थान त्या मानाने ठरणार, ही त्यातील मांडणी आहे. मित्रमेळ्याच्या मॅझिनीपासून हा माणूस फार दूर आला होता.

अखेरचा काळ सांगलीत गेला. क्षय आणि अंदमानात जडलेली दुखणी उलटली, आणि १६ मार्च १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे विस्तृत मराठी चरित्र द. न. गोखले यांनी लिहिले आहे. धाकटे नारायणराव १९४९ मध्ये गेले, विनायकराव १९६६ मध्ये.