पेटीत शिरणारा थेंब

हैदराबादेतील बरकतपुऱ्यापासून हुसेनसागर फार दूर नाही. 1990 सालच्या मार्च महिन्यात तेथे स्थापावयाची प्रचंड बुद्धमूर्ती तराफ्यावरून नेत असता तलावात बुडाली, आणि 1992 साली वर काढली जाईपर्यंत तळाशी पडून राहिली. एवढी भव्य वस्तू. पण तीरावरून पाहणाऱ्यास दिसे ते केवळ पाणी! पाण्याखालचे दृश्य वर आणावयाचे तर कॅमेरा खाली न्यावा लागतो, आणि कॅमेऱ्याला तर पाणी वर्ज्य. हा पेच माणसाने कसा सोडविला, याची कथा उद्बोधक आहे.

इंग्लंडमधील वेमथ गावचे वकील विल्यम थॉम्प्सन यांनी 1856 साली एका पेटीत कॅमेरा बंद करून तो होडीतून सुमारे 18 फूट खोल सोडला. पुढे काच होती, झडप दोरीने ओढावयाची होती. दहा मिनिटांनी पेटी वर आली ती पाण्याने भरून! तरीही काचेवर समुद्रतळाचे अंधुक चित्र उमटले होते. पाण्याखालचे पहिले छायाचित्र म्हणून ओळखले जाते ते हेच.

पेटी गळली ती का? दर 10 मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोचा भार वाढतो. तळहाताएवढ्या, 100 चौरस सेंटिमीटरच्या काचेवर 30 मीटर खोलीवर 300 किलोंचे ओझे पडते. आत मात्र हवा वरच्याच दाबाची. म्हणून पाणी प्रत्येक सांध्यातून वाट शोधते.

फ्रान्समधील बान्यूल्स येथे 1893 साली लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने निराळी युक्ती योजिली. त्याने पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. खोलीबरोबर फुगा दबे, त्यातील हवा पेटीत शिरे आणि आतबाहेरचा दाब सारखा होई. पाण्याशी झुंजण्याऐवजी त्याने पाण्याचेच बळ कामी लावले.

हेच तत्त्व पुढे एका साध्या रबरी कडीत उतरले. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकन संशोधक नील्स ख्रिस्टेन्सन यांना 1939 साली तिचे पेटंट मिळाले. खोबणीत बसविलेली ही ‘ओ-रिंग’ झाकणाखाली किंचित चेपली जाते. बाहेरचा दाब वाढला की ती फटीकडे अधिकच रेटली जाते आणि सांधा घट्ट होतो. म्हणूनच पुष्कळदा पेटी गळते ती खोल समुद्रात नव्हे, तर उथळ पाण्यात, जेथे कडीला दाबावयास पुरेसे पाणीच नसते.

तथापि या कडीचे वैरी क्षुद्र असतात: एक केस, वाळूचा एक कण, कपड्याचा एक धागा. म्हणून जाणता पाणबुड्या कडी बोथट साधनाने काढतो, खोबण पुसतो, उजेडात न्याहाळतो आणि तिला योग्य ते ग्रीस पातळसे लावतो. फार ग्रीस लावले तर त्यालाच वाळू चिकटते. मग रिकामी पेटी पाण्यात बुडवून बुडबुडे निघतात का ते तो पाहतो. अलीकडे पेटीतील थोडी हवा पंपाने काढून आतला दाब टिकतो की नाही हेही तपासतात. वर आल्यावर गोड्या पाण्यात भिजविणे चुकवून चालत नाही. मिठाचे स्फटिक कडीला इजा करतात.

इतकी दक्षता कशासाठी? गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी, लोथलचे उत्खनन करणाऱ्या डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली, द्वारकेच्या समुद्रात पुरातन अवशेषांचा शोध घेतला. अशा शोधात वस्तू जागेवरून उचलली की तिची मूळ स्थिती कायमची मोडते. मागे उरतात ती मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे. कॅमेरा पुन्हा विकत मिळेल, पण ते दृश्य पुन्हा मिळणार नाही.

थेंबे थेंबे तळे साचते, हे संचय करणाऱ्यास उत्तेजन देणारे वचन खरे. पाणबुड्याला मात्र तीच ताकीद आहे. त्याचे तळे पेटीत साचू नये, याची व्यवस्था त्याला पाण्यात उतरण्यापूर्वी, कोरड्या जमिनीवरच करावी लागते.