निवडणूक होईपर्यंत खुर्चीवर कोण?

मार्च १९७७ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत सार्वत्रिक निवडणुका झाल्या. दोन्हीकडे सत्ताधाऱ्यांनी खुर्ची न सोडताच त्या घेतल्या. पाकिस्तानात भुट्टो यांच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाल्याचे जाहीर झाले. विरोधकांनी निकाल नाकारला, आंदोलन पेटले आणि ५ जुलैला जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता बळकावली. भारतात पंतप्रधान इंदिरा गांधी खुद्द रायबरेलीत हरल्या आणि पायउतार झाल्या.

या फरकामागे पूर्वपुण्याई होती. आपला निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी स्थापन झाला. सुकुमार सेन यांनी १९५१-५२ ची पहिली निवडणूक पार पाडली. बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी होती. १९७७ पूर्वी अशा पाच लोकसभा निवडणुका झाल्या होत्या. पाकिस्तानात प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९७० साली झाली. तिचा कौल मानला गेला नाही आणि देश फुटला.

फुटून निघालेल्या बांगलादेशाने पुढे वेगळी वाट धरली. १९९६ च्या घटनादुरुस्तीने निवडणुकीपुरते काळजीवाहू सरकार आले. निवृत्त सरन्यायाधीश त्याचे प्रमुख. २००४ मध्ये न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ करण्यात आले, तेव्हा सोयीचा माणूस प्रमुखपदी यावा म्हणूनच हा खटाटोप, असा आरोप झाला. पंचावरचे भांडण न्यायालयाच्या दारात पोचले. २०११ मध्ये ही तरतूद रद्द झाली आणि २०१४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. तीनशेपैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या.

नेपाळमध्ये २०१३ साली सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांच्या सरकारने निवडणूक घेतली. भूतानच्या राज्यघटनेत तर सरन्यायाधीशांच्या नेतृत्वाखालील अंतरिम सरकारची कायमची तरतूद आहे.

आपल्याकडे असे सरकार कधी लागले नाही. सत्तेवरच्यांना आवर घालते ती आचारसंहिता. १९६० च्या केरळ निवडणुकीत तिचा उगम झाला आणि नव्वदच्या दशकात शेषन यांनी तिला धाक मिळवून दिला. तिच्यामागे स्वतंत्र कायदा नाही. तिचे बळ आयोगावरच्या विश्वासात आहे. म्हणून आयुक्त कोण निवडतो, हे महत्त्वाचे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले. वर्षअखेरीच्या कायद्याने ते केंद्रीय मंत्र्याला दिले. शेजाऱ्यांचा इतिहास जाणणाऱ्या मतदाराने या बदलाकडे डोळेझाक करू नये.